कधीच न उगवणारे दात

जबड्यात दाताचा अंकुरच तयार झाला नाही, तर तो दात कधीच येत नाही. यालाच जन्मजात दंतअभाव म्हणतात. एक ते पाच दात नसतील तर हायपोडोन्शिया, सहा किंवा अधिक नसतील तर ऑलिगोडोन्शिया. गणनेत अक्कलदाढा धरत नाहीत. जगातल्या वीस टक्क्यांहून अधिक माणसांना किमान एक अक्कलदाढ नसते, त्यामुळे त्या धरल्या तर आकडा निरर्थकच होईल.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात जन्मजात दंतअभावाचे प्रमाण युरोपात ५.५ टक्के, उत्तर अमेरिकेतील गौरवर्णीयांत ३.९ टक्के आढळले. स्त्रियांत ते पुरुषांच्या १.३७ पट निघाले. दातांना तार लावून घ्यायला येणाऱ्यांचे आकडे अनेकदा याहून मोठे असतात : जपानमध्ये ८.५, कोरियात ११.२, स्लोव्हेनियात ११.३ टक्के. मात्र तुर्कस्तानातल्या अशाच दोन पाहण्यांत २.६ आणि ४.६ टक्केच आले. म्हणून ऑर्थोडोंटिस्टकडचा आकडा साऱ्या समाजाचा समजणे चूक आहे. ज्यांच्या दातांत फट आहे, दात कलले आहेत किंवा दुधाचा दात पडतच नाही, तेच तिथे जास्त येतात. शिवाय उपचारापूर्वी बहुतेकांचा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, निघतो आणि एरवी लक्षात न आलेली उणीवही सापडते. वयाचाही प्रश्न आहे. खालच्या दुसऱ्या उपदाढेचा अंकुर काही मुलांत बराच उशिरा दिसतो, त्यामुळे फार लहान मुले मोजली की आकडा उगाच फुगतो. लहानपणी काढलेला दात जन्मजात नसलेल्यांत मोजला गेला, तरी तसेच होते.

सर्वाधिक वेळा नसते ती खालची दुसरी उपदाढ. त्यानंतर वरच्या पुढच्या दातांपैकी कडेचा दात आणि वरची दुसरी उपदाढ यांचा क्रम लागतो. जपानी रुग्णांत मात्र खालचा कडेचा पुढचा दात दुसऱ्या क्रमांकावर आहे. प्रत्येक गटातला शेवटचा दात नसण्याची शक्यता अधिक, हा नियम इथे बराचसा लागू पडतो. दंतअभाव असलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के जणांत एक किंवा दोनच दात कमी असतात.

कारण बहुधा आनुवंशिक असते. एमएसएक्स-१, पॅक्स-९, अ‍ॅक्सिन-२ आणि डब्ल्यूएनटी-१०ए या जनुकांतील बदल त्यात सापडले आहेत. चार्ल्स डार्विनने नोंदवलेले सिंधमधील एका हिंदू कुटुंबाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस विरळ होते आणि उन्हाळ्यात त्वचेच्या कोरडेपणाचा त्रास होई. मुलींना स्वतःला काहीच होत नसे, पण त्यांच्यामार्फत दोष मुलग्यांकडे जाई. आज या वर्णनात एक्स गुणसूत्रावरील ईडीए जनुकाचा दोष ओळखू येतो. एरवी निरोगी असलेल्या मुलाचा एखादा दात नसणे ही मात्र इतकी गंभीर गोष्ट नव्हे.

उपचारात जागा बंद करायची की कृत्रिम दातासाठी राखायची, हा मुख्य निर्णय असतो. खालची दुधाची दाढ मजबूत असेल तर ती पुढे कित्येक वर्षे साथ देते. इम्प्लांट जबड्याची वाढ संपेपर्यंत बसवू नये, कारण वाढत्या जबड्यात ते जागीच राहते आणि शेजारचे दात पुढे सरकतात. म्हणूनच पालकांनी मुलाची दुधाची दाढ काढू देण्यापूर्वी तिच्याखाली कायमचा दात आहे का, हे एक्स-रेवर पाहून घेण्याचा आग्रह धरावा.