ब्रेकलाही वारा हवा!

घाट उतरताना पुढच्या ट्रकच्या चाकांतून येणारा तो करपट वास खंडाळ्याला किंवा कसाऱ्याला आपण कधी ना कधी घेतलेला असतो. मुले नाक दाबतात, कुणीतरी ‘ब्रेक तापलेत’ म्हणतो आणि गाडी पुढे निघते. ब्रेक तापतात म्हणजे काय होते आणि त्यांना थंड कसे ठेवायचे, याचा सर्वांत कसून विचार मात्र घाटात नव्हे, तर शर्यतीच्या ट्रॅकवर झाला. परदेशातले हौशी स्पोर्ट्स कारवाले तर ब्रेकना वारा घालण्यासाठी चक्क पाईप बसवतात. दिसायला क्षुल्लक अशा या पाईपपाशी आपल्यालाही शिकण्यासारखे बरेच आहे.

आपण ब्रेक ‘मारतो’, पण त्याने वेग मरत नाही. त्याची उष्णता होते. एक टन वजनाची गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्या अंगात सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेत तीन लिटर गार पाणी उकळी येईपर्यंत तापेल! ती गाडी थांबवताना यातली बहुतेक उष्णता काही क्षणांत चार चाकांच्या ब्रेकमध्ये उतरते. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून मोठा वाटा पुढच्या दोन चाकांचा. शिवाय वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. रस्त्यावर एकदा जोरात ब्रेक लावला, तर पुढे थंड व्हायला उसंत मिळते. ट्रॅकवर पुढचे वळण दत्त म्हणून उभेच.

मग काय होते? पॅड मर्यादेबाहेर तापले की त्यांची पकड सुटू लागते. पाय तोच, जोर तोच, गाडी मात्र थांबत नाही. दुसरा धोका ब्रेक ऑइलचा. ‘डॉट ४’ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषते आणि पुरेसे पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पेडल थेट तळाला जाते आणि ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो!

जुन्या ड्रम ब्रेकमध्ये तर सारी उष्णता बंद डब्यात कोंडायची. १९५३ च्या ‘ल मां’ या फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीत जग्वारने डिस्क ब्रेकच्या गाड्या उतरवल्या. उघड्यावर फिरणाऱ्या डिस्कला वारा लागत होता. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ताशी सरासरी सुमारे १७० किलोमीटर वेगाने ती शर्यत जिंकली. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, ड्रम ब्रेकवरच राहिलेल्या मर्सिडीजने त्यांचा भार हलका करण्यासाठी ड्रायव्हरच्या पाठीमागे उघडणारे भले मोठे झाकण बसवले. वाऱ्यानेच गाडी अडवायची!

आता पाईपकडे वळू. माझदाची ‘एमएक्स-५’ ही १९८९ मध्ये आलेली छोटी, दोन माणसांची गाडी हौशी मंडळींची लाडकी. तिच्या पुढच्या डिस्क दुपदरी असतात आणि मधल्या पोकळीत पाती असतात. चाक फिरले की ही पाती पंख्यासारखी मधली हवा ओढून कडेने बाहेर फेकतात. म्हणून पाईपमधला वारा डिस्कच्या मध्याशी सोडायचा, ही यातली खरी मेख. नुसता एका बाजूवर सोडला, तर ती बाजू गार, दुसरी तापलेली. मग डिस्क वाकडी होते किंवा तिला चिरा पडतात.

काम तसे साधे. डिस्कमागचा धूळ अडवणारा पातळ पत्रा काढायचा आणि त्या जागी गोल तोंडाची पट्टी बसवायची. बंपरमध्ये, जिथे समोरचा वारा थेट आदळतो, तिथे दुसरे तोंड काढायचे. दोन्हींमध्ये सुमारे तीन इंच व्यासाचा, उष्णता सोसणारा पाईप, शक्य तितका सरळ, क्लॅम्पने घट्ट करायचा. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाक वर-खाली करून पाहायचे. पाईप टायरला घासला, तर तो काही फेऱ्यांतच फाटतो.

पण फार थंडावाही बरा नव्हे. शर्यतीच्या पॅडना पकडीसाठी थोडी ऊब लागते. म्हणून थंडीच्या दिवशी मेकॅनिक वाऱ्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावतात. रोजच्या रस्त्यावर तर या पाईपमधून चिखल-खडेही डिस्कपर्यंत जातील.

म्हणून आपल्या घरच्या गाडीला पाईप नको. त्यामागचे शहाणपण मात्र हवे. उष्णता निर्माण होण्याआधीच तिची सोय करायची. उतार लागण्यापूर्वी खालचा गिअर टाकायचा, म्हणजे वेग आवरण्याचे काम इंजिन वाटून घेते. चार पैशांचे इंधन वाचवायला गाडी न्यूट्रल केली, की सारा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केले, तर पेडलही दगडासारखे जड होते. पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत ब्रेक ऑइल बदलावे. आपल्याच चाकांना करपट वास आला, तर सुरक्षित जागी थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, आपोआप निवू द्यावे.

तेवढ्या वेळात चहा होतो. मुलांना पायही मोकळे करता येतात. ब्रेकना वारा लागतो, आपल्यालाही!