फेऱ्या किती, पैसे किती

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा तालुक्यात रस्त्यालगत माळेगाव लागतं. खंडोबाचं गाव. मार्गशीर्षाच्या शेवटी इथं यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार, कुस्त्या, तमाशाच्या कनाती यांवर पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते पाळण्यांच्या ओळीबद्दल. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर-रत्नेश्वराच्या यात्रेतही अशीच ओळ लागते. मराठवाड्याच्या लेकरांची करमणुकीची बाग हीच. तिला ना कुंपण, ना दार. चार ट्रकांत येते, उभी राहते आणि यात्रा उठली की परत ट्रकांत जाते.

जुना रहाटपाळणा लाकडी होता. चार पाळणे, मध्ये एक आस, चालवायला दोन माणसं. एक जण खालून पाळणा रेटायचा, दुसरा आऱ्यांवर चढून अंगाचं वजन टाकायचा, आणि त्या वजनानंच चाक फिरायचं. चाक फिरवणं म्हणजे घाम होता, म्हणून फेऱ्या मोजून मिळायच्या. चालवणाऱ्याला दम लागला की खेप संपली, हे बसणाऱ्यालाही दिसायचं. त्या पैशांत काय मिळतं, याबद्दल दोघांच्या मनात शंका नसायची.

पुढे डिझेल इंजिन आलं, मग वीज. पाळणा लोखंडी झाला, उंच झाला, दिव्यांनी झगमगला. शेजारी ब्रेकडान्स, टोराटोरा, ड्रॅगनची गाडी येऊन बसली. आता आणखी चार फेऱ्या दिल्या तर फार तर थोडं डिझेल जास्त जळतं. महाग झाला तो वेळ. समजा, चाळीस माणसांचा पाळणा आहे आणि तिकीट पन्नास रुपये. एक खेप दोन हजारांची. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, चढणं-उतरणं धरून पंधरा मिनिटांची खेप केली तर वीस खेपा होतात, दहा मिनिटांची केली तर तीस. तिकिटाला हात न लावता गल्ला चाळीस हजारांवरून साठ हजारांवर जातो. पाळण्याचे भाव वाढतात ते असे, आधी फेऱ्यांत आणि मग पाटीवर.

पाटीवरचा भावही दोन-तीन रुपयांनी वाढत नाही. गर्दीत सुट्टे द्यायला सवड नसते, म्हणून दहाच्या नोटेवरून विसाच्या आणि विसाच्या नोटेवरून पन्नासाच्या अशा उड्या पडतात. गल्ल्यावर क्यूआर कोड लागला, तरी आकडा नोटेचाच राहिला.

1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी 264 फूट उंचीचा पाळणा उभारला. जगभरच्या आकाशपाळण्यांचा हा आजोबा. प्रदर्शनात शिरायला 50 सेंट, पाळण्यात बसायलाही 50 सेंट आणि त्यात दोन फेऱ्या. पैसे ठरलेले होते, तशा फेऱ्याही ठरलेल्या होत्या. आपल्या यात्रेतल्या तिकिटावर मी आजवर फेऱ्यांचा आकडा छापलेला पाहिला नाही. तो असायला हवा.

पाळणेवाल्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याचा धंदा आपल्या शिवाराला बांधलेला असतो. माळेगावची यात्रा येते सोयाबीन विकून झाल्यावर, लातूरची येते तूर-हरभऱ्याच्या दिवसांत. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. क्विंटलमागे तुटलेले ते रुपये बापाच्या खिशात नसले, की पोराची दुसरी खेप जाते. पाळणेवाल्याचं जागेचं भाडं मात्र तेवढंच राहतं. वर कर आहेच. करमणूक कर जाऊन 2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हा अशा खेळांवर दर 28 टक्के होता, 2018 च्या जानेवारीत तो 18 वर आला.

मोठ्या उद्यानांनी वेगळा मार्ग धरला. 1989 मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं (ते पुढे बंद पडलं), 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. अशा ठिकाणी दारावरच एकदा पैसे द्यायचे, मग आत कितीही वेळा बसा. पैसेवाल्याला ते परवडतंही. पण आमच्याकडच्या यात्रेत आजी पाळण्यात बसत नाही, खाली उभी राहून नातवाकडे बघते, आणि तिला त्या बघण्याचे पैसे पडत नाहीत. दार लागलं की पहिली बाहेर राहते ती आजी. म्हणून यात्रेला कुंपण घालून प्रवेश तिकीट लावण्याच्या कल्पनेला माझा सरळ विरोध आहे.

सुधारणा नको, असं मात्र मी म्हणणार नाही. 14 जुलै 2019 ला अहमदाबादच्या कांकरियात झुलता पाळणा तुटून दोन जण गेले. राजकोटच्या गेमझोनमध्ये 2024 साली आग लागल्यानंतर गुजरातने मेळ्यांतल्या पाळण्यांचे नियम कडक केले. काँक्रीटचा पाया आणि माती-परीक्षणाच्या अटी परवडत नाहीत, अशी तिथल्या पाळणेवाल्यांची तक्रार होती. आपल्याकडे तर माती काळी. ओल धरली की फुगते, वाळली की भेगाळते. अशा जमिनीवर लाकडी ठोकळे रचून, पाणसळ लावून टनावारी लोखंड उभं करायचं असतं. जाणता पाळणेवाला आधी मुरूम दाबून घेतो. माणसं बसवतानाही तो ओळीनं बसवत नाही. एक पाळणा भरला की चाक अर्धं फिरवून समोरचा भरतो, म्हणजे तोल राहतो. रांगेतल्या माणसांना तो उगाच खोळंबा वाटतो, पण त्यावर सगळ्यांचा जीव असतो. खेप दहा मिनिटांची करायची म्हटलं की पहिली कात्री यालाच लागते.

पाया, तपासणी, विमा यांचा खर्च निघायचा कुठून? तिकिटातून काढला तर लेकरू खाली राहील. माझ्या मते तो जागेच्या भाड्यातून सोडावा. ज्याच्या पाळण्याची अभियंत्याने तपासणी केली आहे आणि ज्याच्या पाटीवर भावाशेजारी फेऱ्यांचा आकडा आहे, त्याला जागा स्वस्त द्यावी. यात्रा भरवणाऱ्यांना हे जमण्यासारखं आहे.

परवा एका यात्रेत पाळण्याखाली एक बाई उभी होती. दोन लेकरं वर, स्वतःचं तिकीट काढलेलं नाही. पाळणा समोरून गेला की एकेक बोट मुडपत होती. चाक थांबलं तशी ती पुढे झाली.

"मामा, सातच झाल्या. मघाच्या लेकरांला दहा दिल्या तुम्ही."

"माय, रांग बघ की केवढी लागलीय."

तिनं रांगेकडे पाहिलं नाही. मुडपलेली बोटं तशीच त्याच्यापुढे धरून ती उभी राहिली.