उजव्या मांडीतली सुई आणि पुण्यातलं रसायनशास्त्र

मेहकर असो की लोणार, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या उपकेंद्रात बाळ दीड महिन्याचं झालं की डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट आणि उजव्या मांडीत पीसीव्ही देतात. पीसीव्ही न्यूमोकॉकल न्यूमोनियाविरुद्धची. ही ‘कॉन्जुगेट’ लस आहे आणि ती बनवणं भारी किचकट.

न्यूमोकॉकस या जंतूवर शर्करेचं कवच असतं. नुसती शर्करा टोचली तर तान्ह्या बाळाचं शरीर तिला भीक घालत नाही. म्हणून ती प्रथिनाला जोडतात. खरी मेख इथेच: जोडणी अर्धवट झाली की उरलेली महागडी शर्करा गाळून काढावी लागते, उत्पादन घटतं आणि भाव चढतो.

हीच अडचण आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या कॉन्जुगेट लसीतही होती. तिच्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेच्या औषध प्रशासनातील शास्त्रज्ञांची पद्धत घेतली. त्या पद्धतीत धनुर्वाताच्या टॉक्सॉइड या प्रथिनाला आधी हायड्रॅझाइड गट बसवतात. मग शर्करा चटकन जुळते, वाया कमी जाते. डोस 50 सेंटच्या आत आला! डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. मोठ्या कंपन्यांना या लसीत रस नव्हता, हेही सांगायलाच हवं.

पुढे सीरमने न्यूमोकॉकसच्या दहा प्रकारांविरुद्धची पीसीव्ही, न्यूमोसिल, काढली. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. 2021 मध्ये पीसीव्ही देशभर मोफत झाली.

पीसीव्हीचे डोस: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. कार्ड काढा, तारीख बघा, डोस राहिला असेल तर आशाताईंना आजच विचारा.