ओलाव्याने जागे होणारे विष

साठविलेल्या धान्यातील सोंडे व अळ्या यांचा नाश करण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या वड्यांची धुरी देतात. हे रसायन हवाबंद डब्यात कोरडे असेतोपर्यंत निपचित पडून राहते. ओलाव्याचा स्पर्श होताच मात्र त्याचे विघटन सुरू होते. त्यासाठी पाणी ओतावे लागत नाही. हवेतील बाष्पही पुरेसे होते. या एका गुणातच त्याची उपयुक्तता व त्याचा धोका ही दोन्ही सामावलेली आहेत.

पाण्याशी संयोग झाला म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईडची करडी-पांढरी भुकटी मागे राहते व फॉस्फीन नावाचा रंगहीन विषारी वायू मुक्त होतो. 3 ग्रॅम वजनाच्या वडीतून सुमारे 1 ग्रॅम वायू निघतो. तो धान्याच्या राशीत खोलवर शिरतो व किडींच्या पेशींतील श्वसनक्रिया बंद पाडतो. अंडी व कोष या अवस्था अधिक चिवट असल्याने धुरी काही दिवस बंदिस्त ठेवावी लागते.

परंतु किडीस मारणारा वायू माणसास वगळीत नाही. दाराच्या फटीतून व भिंतीच्या भेगांतून तो शेजारच्या खोलीतही पोहोचतो. धान्यात वड्या ठेवून त्याच घरात निजलेली माणसे दगावली आहेत, ती याच कारणाने. वासावरही विसंबून राहता येत नाही. शुद्ध फॉस्फीन वासहीन असतो. लसणीसारखा जो वास येतो, तो त्यातील अशुद्ध घटकांचा. हे घटक धान्यात शोषले गेले म्हणजे वास नाहीसा होतो, वायू मात्र उरतो. या विषावर खात्रीचा उतारा नाही. बाधा झाल्याचा संशय येताच रोग्यास मोकळ्या हवेत आणून विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

दुसरा धोका आगीचा होय. हवेत फॉस्फीनचे प्रमाण शेकडा सुमारे 1.8 झाले म्हणजे तो पेट घेऊ शकतो. वड्यांचा ढीग भिजल्यास वायू व उष्णता एकदम निर्माण होऊन आपोआप ज्वाळा उठतात. यास आळा बसावा म्हणून वड्यांत बहुधा अमोनियम कार्बामेट मिसळलेले असते. पेटलेल्या वड्यांवर पाणी कदापि टाकू नये. त्याने वायू अधिकच निघतो. धुरीनंतर उरलेल्या भुकटीतही काही अंश सक्रिय असू शकतो. ती बंद भांड्यात साठवू नये.

उंदरांसाठी वापरले जाणारे झिंक फॉस्फाईड हे याच कुळातील आहे. साध्या पाण्यात ते मंदगतीने, परंतु आम्लात झपाट्याने विघटन पावते. उंदराच्या जठरातील आम्ल हे काम करते, आणि उंदरास ओकारी होत नसल्याने विष बाहेर पडत नाही. कुत्रा, कोंबडी किंवा अजाण मूल यांच्याही पोटात हेच घडते. यास्तव आमिष त्यांच्या हाती लागेल असे ठेवू नये व उरलेले खोल पुरावे.

भारतात ॲल्युमिनियम फॉस्फाईडची विक्री व वापर शासकीय संस्था आणि मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे कीडनियंत्रक यांच्यापुरता मर्यादित आहे. हे बंधन अडवणुकीसाठी नसून जीवरक्षणासाठी आहे. शेतकरी बंधूंनी राहत्या घरात या वड्या मुळीच वापरू नयेत. दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत धान्य उन्हात वाळवावे, स्वच्छ व हवाबंद कोठीत भरावे आणि मोठ्या साठ्यास धुरीची गरज भासल्यास परवानाधारक व्यक्तीकडूनच ती द्यावी.