विषाणूजन्य फुफ्फुसविकार आणि श्वसनाचा भौतिकोपचार: काही रूढ गैरसमज

मार्च २०२० च्या अखेरीस बारामती शहरात कोविडचा पहिला रुग्ण आढळला, आणि त्यानंतरच्या दोन लाटांत पणदरे, माळेगाव यांसारख्या नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील गावांमध्ये ऑक्सिमीटर, वाफेचे यंत्र आणि तीन चेंडूंचा स्पायरोमीटर या वस्तू अनेक कुटुंबांच्या परिचयाच्या झाल्या. मात्र त्यांपैकी कोणती केव्हा वापरावी आणि केव्हा बाजूला ठेवावी, याविषयीच्या समजुती बऱ्याच अंशी ऐकीवच राहिल्या.

यांतील सर्वांत खोल रुजलेली समजूत म्हणजे श्वसनाचा भौतिकोपचार, अर्थात श्वसनाची फिजिओथेरपी, म्हणजे छाती-पाठ थोपटून कफ सोडवणे. थोपटण्याचे हे तंत्र ज्या आजारांत श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत भरपूर कफ साचतो, अशा आजारांसाठी उपयोगात आले. विषाणूजन्य न्यूमोनियात मुख्य बिघाड असतो तो वायुकोशांत, म्हणजे जेथे हवेतील प्राणवायू रक्तात मिसळतो त्या सूक्ष्म पिशव्यांत. त्यांच्या भिंती सुजतात, आत द्रव झिरपतो आणि खोकला बहुधा कोरडा असतो. हा द्रव थापट्यांनी सुटत नाही, उलट दमलेला रुग्ण अधिक दमतो आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. दोन वर्षांखालील बालकांना आरएसव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या ब्राँकिओलायटिसमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म श्वासनलिकांच्या दाहात, थोपटण्याने आजाराची तीव्रता कमी होत नाही, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. ‘बाळाची छाती भरली’ म्हणून मायेने थोपटत बसणाऱ्या घराने खरे तर बाळाच्या बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जातो काय आणि त्याचे दूध पिणे कमी झाले काय, हे पाहावे, आणि तसे असल्यास वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

याचा अर्थ कफ काढण्याचे तंत्र कधीच लागत नाही असा नव्हे. विषाणूच्या पाठोपाठ जिवाणूंचा संसर्ग होऊन दाट कफ झाला, किंवा अशक्त वृद्धाला खोकण्याचे बळ उरले नाही, तर भौतिकोपचारतज्ज्ञ शांत श्वास, मग तीन-चार खोल श्वास आणि त्यानंतर आरशावर वाफ धरावी तसा तोंड उघडे ठेवून सोडलेला जोरकस ‘हाऽ’ असा क्रम शिकवतात; त्यात कफ खोकल्यापेक्षा कमी श्रमात वर येतो.

तीन चेंडूंच्या यंत्राबाबत तर वापराची दिशाच उलटी होते. ते फुंकण्यासाठी नसून नळी तोंडात धरून हवा आत ओढण्यासाठी आहे, आणि मुख्यतः शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे उथळ श्वास घेणाऱ्या रुग्णासाठी ते प्रचारात आले. चेंडू श्वासाचा वेग दाखवतात, त्याचे आकारमान नव्हे. म्हणून तिन्ही चेंडू झटक्यात उडवण्यापेक्षा एक चेंडू सावकाश वर नेऊन काही क्षण तोलून धरणे अधिक हिताचे. आजार तीव्र असताना फुगे फुगवणे मात्र टाळावेच, कारण दाहाने नाजूक झालेल्या फुफ्फुसावर त्याचा ताण पडतो. वाफेने घशाला आराम वाटतो, पण विषाणू मरत नाही. उकळते भांडे कलंडून भाजण्याचा धोका मात्र खरा असतो, विशेषतः लहान मुलांना.

पालथे झोपण्याविषयी दोन टोकांच्या समजुती आढळतात: काहींना ते निरर्थक वाटते, तर काहींना रुग्णालयाचा पर्याय. माणूस उताणा असताना हृदयाचा आणि फुफ्फुसाच्या पुढील भागाचा भार मागील भागावर पडून तेथील वायुकोश मिटतात, आणि रक्तपुरवठा तर त्याच भागाला भरपूर असतो. पालथे केल्यावर ते वायुकोश उघडतात व रक्ताला प्राणवायू मिळतो. कृत्रिम श्वसनावरील ४६६ अत्यवस्थ रुग्णांच्या २०१३ मधील फ्रेंच-स्पॅनिश चाचणीत दररोज सुमारे १६ तास पालथे ठेवलेल्यांतील २८ दिवसांचा मृत्युदर १६ टक्के, तर उताण्यांतील ३२.८ टक्के होता. शुद्धीवर असलेल्या कोविड रुग्णांच्या २०२१ मधील अभ्यासात नळी घालून कृत्रिम श्वसन देण्याची गरज घटली, पण मृत्युदरात निर्णायक फरक दिसला नाही. त्यामुळे पणदऱ्याहून बारामतीला न्यावयाच्या रुग्णासाठी वाहन येईपर्यंत पालथे झोपणे उपकारक ठरते, प्रवास टाळण्याचे ते कारण होऊ शकत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२१ मध्ये हीच कृती सांगताना जेवणानंतर तासभर, गरोदरपणात, गंभीर हृदयविकारात आणि मणका, मांडीचे हाड किंवा कटीची हाडे मोडली असल्यास ती टाळण्यास बजावले होते.

भौतिकोपचार बरे झाल्यानंतरच सुरू होतो, हाही गैरसमजच. भारतातील या विषयाचे पहिले विद्यालय मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५२ च्या सुमारास पोलिओ या विषाणुजन्य आजाराच्याच निमित्ताने उभे राहिले. अंथरुणातच कूस बदलणे, बसते होणे, पाय हलवणे हा उपचाराचा भाग असून त्याने स्नायूंचा ऱ्हास मंदावतो. घरी परतल्यावर मात्र घाई नडते: ऊसतोड किंवा दारे धरण्याच्या कामावर लगेच जाणाऱ्याने आधी मिनिटभर खुर्चीवरून उठबस करून ऑक्सिमीटरवरील आकडा पाहावा, तो तीन किंवा अधिक अंकांनी उतरला तर डॉक्टरांना दाखवावे, आणि श्रमानंतर दुसऱ्या दिवशी थकवा वाढत असेल तर व्यायाम वाढवण्याऐवजी कमी करावा. ज्या दिवशी शिवारात पाचट जाळले जात असेल, त्या दिवशी तर मोकळ्या हवेतील खोल श्वासाचा व्यायाम पुढे ढकललेलाच बरा.