माळरानावरील रंगीत पंख्याचा सरडा

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत उमापूर नांवाचें गांव आहे. गोदावरीच्या खोऱ्यांतील काळी जमीन आणि तिच्या आसपासचे मुरमाड माळ, अशी या बाजूची भूमि आहे. काळ्या जमिनीची योग्यता सर्वांस ठाऊक आहे. माळाला मात्र ‘पडीक’ हें एकच विशेषण लावून आपण मोकळे होतों. दख्खनच्या अशाच उघड्या माळांवर राहणाऱ्या एका लहानशा सरड्याची ओळख आज करून द्यावयाची आहे.

शेपटी सोडली तर हा प्राणी जेमतेम बोटभर लांब. रंग मातीचा, स्तब्ध बसला कीं खड्यांतून वेगळा ओळखूं येत नाहीं. परंतु उन्हाळ्यांत नर एखाद्या दगडावर चढतो, गळ्याखालची घडी उलगडतो, आणि निळा, काळा व नारिंगी असा तिरंगी पंखा उन्हांत झळकूं लागतो. मादीला हें आमंत्रण असतें आणि दुसऱ्या नराला इशारा. मादीला असा भपका नसतो. मागच्या पायाला पांचाऐवजीं चारच बोटें असणें ही याची आणखी एक खूण. घाबरला म्हणजे तो मागच्या दोन पायांवर धांवत सुटतो. किडे हें त्याचें अन्न. आणि ससाण्याच्या वर्गांतील पक्ष्यांचें तो स्वतः अन्न.

या सरड्यांचें वर्गीकरण मोठ्या सावकाशीनें झालें. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनीं १८२९ सालीं ‘सिटाना पाँटिसेरियाना’ ही जाति पाँडिचेरीच्या नांवानें वर्णिली. १८७० सालीं जर्डन यांनीं दख्खनच्या सरड्यास ‘डेक्कनेन्सिस’ असें वेगळें नांव दिलें. तरी पुरता उलगडा व्हावयास पुढें जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. २०१६ सालीं व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांचे सहकारी यांनीं शरीररचना व आनुवंशिक द्रव्य, दोन्ही ताडून पाहिलीं आणि दख्खनच्या या रंगीत पंख्याच्या सरड्यांची एक स्वतंत्र प्रजाति, म्हणजे निकटच्या जातींचा गट, स्थापन केली. तिचें शास्त्रीय नांवच त्यांनीं ठेविलें ‘सरडा’! आपला घरगुती मराठी शब्द अशा रीतीनें जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत गेला. डेक्कनेन्सिस, डार्विनी आणि सुपर्बा अशा तिच्या तीन जाति त्या वेळीं सांगण्यांत आल्या.

यांपैकीं सुपर्बा ही जाति साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावर आढळते. त्या पठारावर पवनचक्क्यांची दाटी आहे. बंगळूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संशोधकांनीं तेथें केलेला अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागांत शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. अर्थात् चक्क्यांच्या भागांत सरड्यांचे शत्रु कमी, म्हणून तेथें सरडे पुष्कळ. मग त्यांचें भलें झालें म्हणावें काय? तसें नव्हे. ते अंगानें रोडावलेले होते, कारण तेवढ्याच जागेंत खाणारीं तोंडें वाढलीं. माणूस अगदीं जवळ येईपर्यंत ते पळत नसत. आणि नरांच्या पंख्याचे रंगही फिके पडले होते. आकाशांतला एक दुवा ढिला झाल्याचा परिणाम जमिनीवरच्या सरड्याच्या गळ्यापर्यंत पोहोंचला!

बीड जिल्ह्यांतही पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि विजेची गरज खरीच आहे. ती नाकारा, असें माझें सांगणें नाहीं. परंतु जागा निवडतांना ‘तेथें कांहींच नाहीं’ हें गृहीत धरूं नये. उघडा माळ नांगरला, खणला किंवा सद्भावनेनें कां होईना, दाट झाडींनीं झांकून टाकला, तरी उन्हांत दगडावर पंखा उलगडणाऱ्या या प्राण्याचें घर जातें. सरकारी दप्तरांत जमीन पडीक असेल. सरड्याच्या दृष्टीनें ती पूर्ण वसलेली आहे.