पोकळ शाफ्टची करामत

इंजिनाची ताकद कितीही वाढवा, ती अखेर रस्त्यावर उतरते ती टायरच्या तळहाताएवढ्या ठशातून. पकड सुटली की चाक जागच्या जागी गरगरते. ताकद चारही चाकांना वाटून दिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ओझे कमी येते. जीपमध्ये ही सोय असतेच. पण तिथे गिअरबॉक्सला आणखी एक जड पेटी जोडावी लागते. वेगवान मोटारीला हे वजन कसे परवडावे?

१९८०च्या जिनिव्हा प्रदर्शनात आलेल्या ऑडी क्वात्रोने यावर तोड काढली. तिच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्समधला एक शाफ्ट चक्क पोकळ होता! ताकद या शाफ्टमधून गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असलेल्या डिफरन्शियलकडे जाई. तिथून अर्धी मागच्या चाकांना, आणि अर्धी त्याच पोकळीतून जाणाऱ्या दुसऱ्या, बारीक शाफ्टने उलट पुढे. वळणावर पुढची-मागची चाके सारख्या वेगाने फिरत नाहीत. तो फरक हे मधले डिफरन्शियल सांभाळी. चिखलात मात्र ड्रायव्हरने ते जखडून टाकायचे, नाहीतर ताकद घसरणाऱ्या चाकाकडेच पळायची.

१९८१ साली इटलीतली सान रेमो रॅली क्वात्रोनेच जिंकली. स्टिअरिंगवर फ्रान्सची मिशेल मूटाँ, जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी पहिली महिला. शेजारी वळणे वाचून दाखवायला फाब्रित्सिया पोन्स. म्हणजे गाडीत दोघीही बायकाच!